पाच गळ्यांचा स्वेटर

टाचणीला त्या रविवारी स्टेजवर एकटीनं जायचं होतं. एकटीनं म्हणजे एकटीनं! विंगेतून ढकलायला बाई नकोत, पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली आई नको, आणि लांबून ओठ हलवून पुढचं वाक्य सुचवणारी मैत्रीण तर नकोच नको. गेल्या वर्षी हे सगळं होतं, आणि तरी व्हायचं ते झालंच होतं.

झालं होतं असं, की वक्तृत्व स्पर्धेत टाचणी माइकसमोर उभी राहिली, "आदरणीय" म्हणाली आणि थांबली. आदरणीय कोण, ते काही तिला आठवेना. परीक्षक? व्यासपीठ? की समोर बसलेली ती जांभया देणारी पोरं? अख्खा हॉल आदरणीय होऊन वाट बघत होता आणि हिच्या तोंडाला कुलूप. थोड्या वेळानं तिनं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "आदरणीय" म्हणून बघितलं. काही फरक पडला नाही. मग ती खाली उतरली.

तेव्हापासून शाळेत तिला कुणी टाचणी म्हणेनासं झालं. "ए आदरणीय, डबा काय आणलास?" "आदरणीय, पट्टी दे ना." एकदा तर वर्गाच्या बाईसुद्धा हजेरी घेताना घसरल्या आणि मग फळ्याकडे तोंड करून बराच वेळ खांदे हलवत राहिल्या.

पण यंदाची टाचणी वेगळीच होती. सुट्टीत तिची उंची वाढली होती, वेण्या जाऊन केस मोकळे झाले होते आणि का कोण जाणे, एका सकाळी उठल्यावर तिला वाटलं होतं, आपल्याला जमेल की! बस, तेव्हापासून ती सुटलीच होती. भाषणाचा विषय होता स्वावलंबन. ती बसस्टॉपवर बोलली, जिन्यात बोलली, आंघोळीच्या बादलीसमोर बोलली. घरचे तर इतके स्वावलंबी झाले, की तिनं घसा खाकरला रे खाकरला, की आपापलं ताट उचलून आपापल्या खोलीत निघून जायचे. आज जमलं, तर ती पुन्हा टाचणी. नाही जमलं, तर शाळा संपेपर्यंत आदरणीय, आणि कदाचित लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा!

स्पर्धा दुपारी होती. सकाळ मोकळी. आणि मोकळ्या रविवारी टाचणी जायची तिथंच ती गेली, आत्याच्या दुकानात.

आत्याचं दुकान चष्म्यांचं. रविवारी शटर अर्धं खाली असायचं आणि मागच्या खोलीत विणकाम मंडळ भरायचं. खोलीत भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर थाळीएवढं आणि खालची मुंगीएवढी. कपाटावर मोडक्या फ्रेमांचा डबा. मधोमध एक हीटर आणि त्याच्याभोवती पाच खुर्च्या.

अध्यक्ष आत्या. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं, पण तसं तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. दुसरे ड्रायव्हरकाका. उभा जन्म शहर बस चालवून ते निवृत्त झाले, तर हात स्वस्थ बसेनात. जेवताना ताट स्टिअरिंगसारखं फिरवायचे. शेवटी काकूंनी वैतागून त्यांच्या हातात सुया दिल्या. तिसरे दातांचे डॉक्टर. टाके एकदम बारीक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता सरळ दातांत बघायचे. चौथी टाचणी. हे नाव आत्यानंच ठेवलेलं, कारण ही काडीसारखी बारीक आणि बोलायला लागली की टोचणार.

आणि पाचवे ते गृहस्थ.

ते गृहस्थ कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. तीन हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी ते अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. आत्याला वाटलं, नवा सभासद. तिनं "बसा" म्हटलं आणि हातात सुया दिल्या. ते बसले. तेव्हापासून दर रविवारी येत होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून डोळे बारीक करून विणत होते आणि निघताना मान लववून जात होते. तोंडातून शब्द म्हणून नाही. सुरुवातीला नाव विचारायचं राहून गेलं आणि आता इतक्या दिवसांनी विचारणं बरं दिसत नव्हतं.

मंडळाचे नियम दोनच. पहिला, खोलीत कात्री आणायची नाही. चुकलं तर उसवायचं, कापायचं नाही. कापणं म्हणजे कॉपी करून पास होण्यासारखं, असं आत्याचं मत. दुसरा नियम शेपटाचा. शेवटचा टाका बंद केला की लोकरीचं जे टोक उरतं, त्याला मंडळात शेपूट म्हणत. हे शेपूट विणीत असं लपवायचं, की कुणाला म्हणून सापडता कामा नये. दर रविवारी त्यावरून शोधाशोध चालायची. ड्रायव्हरकाकांचं शेपूट तर दारातूनच दिसायचं. डॉक्टरांचं भिंगाखाली सापडायचं. आत्याचं शेपूट मात्र आजवर कुणाच्या बापाला सापडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची.

यंदा थंडीनं नुसता कहर मांडला होता. रस्त्यावर पोटरीएवढा बर्फ, नळातून पाण्याऐवजी खोकला यायचा. अशात मंडळाच्या हीटरनं मान टाकली. दुरुस्तीवाला आला, त्यानं हीटरच्या पाठीवर हात ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "गेला." नवीन यायला वेळ लागणार होता. आदल्या रविवारी विणताना सुयांपेक्षा दातांचाच आवाज जास्त येत होता. डॉक्टर आधी तो आवाज मन लावून ऐकत बसले आणि मग म्हणाले, "ताई, माझ्या डोक्यात एक आलंय."

"काढून टाका," आत्या म्हणाली.

"नाही, ऐका तर. पाच जण पाच स्वेटरांत, म्हणजे थंडीला शिरायला पाच दारं. पाच जण एकाच स्वेटरमध्ये बसले तर? एकाची ऊब दुसऱ्याला! हीटरची गरजच नाही."

ड्रायव्हरकाका खूश झाले. "म्हणजे गर्दीच्या वेळची बस! डॉक्टर, आमच्या बसमध्ये पाच जण एका सीटवर असले की डिसेंबरात घाम फुटायचा."

ठरलं. प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या लोकरीचा, आपापल्या गळ्यावरच एक उंच गळा विणायचा, हनुवटीपर्यंत. मग रविवारी सगळे गळे एकत्र जोडून खालचं अंग सलग विणायचं. आत्यानं टेप घेऊन प्रत्येकाच्या गळ्याचं माप घेतलं, अगदी बारकाईनं. कुठं बोटभर फट राहायला नको, वारा शिरतो. टाचणीनं आरशासमोर उभं राहून, वायरीनं जोडलेली गोल सुई मानेभोवती घेऊन, भाषण म्हणत म्हणत आपला हिरवा गळा विणला. पाची जण आठवडाभर तो गळा घालून हिंडले. झोपतानासुद्धा काढला नाही. असल्या थंडीत अंगावरचं काही काढायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं.

आणि हा तो रविवार.

खुर्च्या बसच्या सीटांसारख्या मांडल्या. पुढे एकटे ड्रायव्हरकाका, त्यांचा तसा आग्रहच होता. मागे आत्या आणि डॉक्टर. त्यांच्यामागे टाचणी आणि ते गृहस्थ. लोकर जाड, सुया त्याहून जाड, हात दहा. पाची गळे जोडले गेले आणि एकाच धाग्याची फेरी गरागरा फिरू लागली. आपल्यासमोरचे टाके विणायचे आणि सुई पुढच्याकडे सरकवायची. एक गुंडा संपला की दुसऱ्याला गाठ. बाह्यांचं नंतर बघू, असं आत्या म्हणाली. दुपार कलायला लागली तेव्हा स्वेटर सगळ्यांच्या गुडघ्यांखाली पोचला होता, आणि काय सांगू, आत काय ऊब होती! डॉक्टरांना तर पेंग आली. आत्यानं शेवटची फेरी बंद केली, शेपूट लपवलं आणि म्हणाली, "शोधा आता!"

"नंतर," टाचणी म्हणाली. "माझी वेळ झाली. मी निघते."

ती उभी राहिली. तिच्यासोबत चौघं अर्धवट उभे राहिले आणि परत खाली बसले.

"अगं, हळू! मान मोडशील," आत्या ओरडली. "आधी डोकं खाली घे, आणि खालून बाहेर ये."

टाचणीनं डोकं खाली घेतलं. डोकं काही खाली जाईना. गळा कानांपाशी येऊन अडला. तिनं ओढलं, डॉक्टरांनी ओढलं, ड्रायव्हरकाकांनी आपला निळा गळा ओढून बघितला. कुणाचंच डोकं कुठूनच निघेना.

खोलीत विचार पसरला. सगळ्यांनी हळूहळू आत्याकडे बघितलं.

"ताई," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही गळ्याची मापं घेतलीत."

"घेतली की. बोटभरसुद्धा फरक नाही."

"आणि डोक्याची?"

"गळ्याला डोकं कशाला लागतंय?" आत्या म्हणाली, पण त्यात काही दम नव्हता.

"आत्या, कात्री!" टाचणी किंचाळली.

"इथं कात्री नाही, तुला माहितीये. आणि असती तरी माझ्या समोर..."

"आत्या, माझं भाषण आहे! मला परत आदरणीय व्हायचं नाहीये!"

हे ऐकून आत्याचा चेहरा जरा उतरला. तिलाही सगळं ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी टाचणी याच खोलीत मोडक्या फ्रेमांच्या डब्याशेजारी बसून रडली होती आणि आत्यानं तिला उगी करायला पहिल्यांदा सुया हातात दिल्या होत्या.

"उसवू," आत्या म्हणाली. "वरच्या टाक्यांपर्यंत उसवलं की आपोआप सुटू. शेपूट काढते." तिनं घेरावरून बोटं फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं फिरवली.

"सापडत नाहीये?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"मी लपवलंय," आत्या म्हणाली. त्या आवाजात निम्मी भीती आणि निम्मा अभिमान होता. "सापडेल कसं?"

टाचणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग ड्रायव्हरकाका उठले, म्हणजे पाची जण उठले, आणि म्हणाले, "चला, पुढे सरका! मी आजवर एक फेरी चुकवली नाही. गाडी शाळेपर्यंत जाणार म्हणजे जाणार."

"असं? असं कसं जाणार? लोक काय म्हणतील!" टाचणी म्हणाली.

"लोक म्हणतील, मोठं कुटुंब दिसतंय," काका म्हणाले आणि त्यांनी डावा खांदा वळवला.

अर्ध्या शटरखालून दहा पायांनी वाकून बाहेर पडणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. डॉक्टरांनी कुणाच्या तरी चपलेवर पाय दिला, ती त्यांचीच निघाली. बाह्या नसल्यामुळे सगळ्यांचे हात आत, त्यामुळे कुलूप लावायला आत्याला घेराखालून हात काढून जमिनीवर बसावं लागलं, म्हणजे सगळ्यांनाच बसावं लागलं. मग गाडी सुटली. वळण आलं की काका स्वेटरच्या आतूनच कोपर बाहेर ढकलायचे. त्या बाजूला टेंगूळ आल्यासारखं दिसायचं, ते वळायचा सिग्नल. "उजवीकडे खड्डा!" "मागचे, पाय उचला!" "डॉक्टर, तुम्ही माझ्या तालात चाला, स्वतःच्या नको!" बर्फ भुरभुरत होता. एका बाईनं खिडकी उघडली, बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

"स्वावलंबन," टाचणी दातओठ खात पुटपुटत होती, "स्वावलंबन म्हणजे कुणाच्याही आधाराशिवाय... काका, हळू!... आधाराशिवाय चालणे..."

चौकाच्या अलीकडे तिच्या दंडाला कुणीतरी हळूच ढोसलं. शेजारी ते गृहस्थ होते. निघाल्यापासून त्यांची बोटं आतल्या आत घेरावरून फिरत होती, डोळे मात्र कुठंतरी लांब, नेहमीसारखे बारीक. त्यांनी टाचणीचं बोट धरलं आणि एका टाक्यावर नेऊन ठेवलं. तिथं, वळलेल्या काठाच्या आत, एक इवलंसं टोक होतं.

"सापडलं! आत्या, यांना शेपूट सापडलं!"

आत्या जागच्या जागी थांबली आणि गाडीला गचका बसला. "माझं शेपूट?" ती म्हणाली. "यांना?"

"ताई, आता रुसायची वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "ओढा."

"ओढून हातात किती गोळा करणार?" ड्रायव्हरकाकांनी डोकं चालवलं. "त्या दिव्याच्या खांबाला बांधा टोक. आपण चालत राहू. जसं चालू तसं उसवेल. फक्त गोल फिरत चालायचं, विणलं गोल तर उसवणार पण गोल."

मग काय विचारता! चौकातून शाळेकडे जाणाऱ्या त्या सरळ रस्त्यावर पाच डोक्यांचं एक जनावर गरगर फिरत निघालं. ड्रायव्हरकाका क्षणात पुढे, क्षणात मागे. आत्या म्हणत होती, "मला चक्कर येतेय," आणि डॉक्टर म्हणत होते, "तोंड मिटून श्वास घ्या, दाताला गार लागतं." घेर पोटरीवरून गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून वर सरकला, आणि मागे पांढऱ्या बर्फावर लोकरीची लांबलचक रेघ उठत गेली, आधी पिवळी, मग जांभळी, मग पिवळी. टाचणीला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकाच तोंडातून बाहेर पडायला बघत होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस बाई हातमोजे चढवत खांबापाशी उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"स्वेटर," काका फिरता फिरता ओरडले.

"कुणाचा?"

"आमचा!"

"सगळ्यांचा एकच?" बाईंनी खांबाकडे बघितलं. "आणि हे काय बांधलंय?"

"त्याचं शेपूट," आत्या म्हणाली, आणि एवढ्या गडबडीतही तिला ते सांगताना वाईट वाटलं.

"रस्त्यात दोरी आडवी टाकून चाललात! एखादा सायकलवाला तोंडावर आपटला म्हणजे? गुंडाळा आधी ती."

"बाई, हात आत आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणि या मुलीचं भाषण आहे."

पोलीस बाईंनी टाचणीकडे बघितलं. टाचणीचं नाक लाल झालं होतं आणि डोळे काठोकाठ भरले होते. "कशावर?" त्यांनी विचारलं.

"स्वावलंबन."

बाईंनी एक मोठा उसासा टाकला, खांबाचं टोक सोडलं आणि स्वतःच लोकर गुंडाळायला लागल्या. "व्हा पुढे. मी मागून येते गुंडाळत."

शाळेच्या हॉलमध्ये ते शिरले तेव्हा स्वेटर छातीपर्यंत आला होता आणि खेळाचे सर माइकवरून पुकारत होते, "यानंतर शेवटची स्पर्धक, विषय स्वावलंबन." दुसरा काही इलाजच नव्हता. दहा पाय स्टेजच्या पायऱ्या चढले.

हॉलमध्ये आधी माना वळल्या. मग मागून हशा उठला, तो पुढपर्यंत आला आणि परत मागे गेला.

तीन परीक्षकांपैकी मधल्यांनी चष्मा पुसून घातला. "यांत स्पर्धक कोण?"

"मी," टाचणी म्हणाली.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे... आत आहेत."

"आम्ही काही बोलणार नाही," ड्रायव्हरकाकांनी समजावलं. "तुमचं चालू द्या."

काकांनी गाडी वळवली आणि टाचणी माइकसमोर आली. तिच्या शेजारी ते गृहस्थ, बाकीचे तिघे पाठीशी. तिनं खोल श्वास घेतला. समोर तीच पोरं, त्याच खुर्च्या. तिनं तोंड उघडलं.

"आदरणीय," टाचणी म्हणाली.

आणि थांबली.

सगळं गेलं. बादलीसमोरचं, जिन्यातलं, बसस्टॉपवरचं, सगळं कुठंतरी रस्त्यावर उसवून पडलं होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं, "आदरणीय!" आत्याचा श्वास तिच्या कानावर लागत होता, जोरजोरात. ड्रायव्हरकाका, जे ट्रॅफिकमध्येसुद्धा गप्प बसत नसत, तेही गप्प होते. सगळा हॉल वाट बघत होता. इतकी शांतता झाली, की बाहेर बर्फ पडत असल्याचंसुद्धा ऐकू यावं.

"माझा चष्मा झाला का?"

आवाज बारीक होता, सभ्य होता आणि बरोबर माइकमध्ये गेला. टाचणीनं मान वळवली. बोलले होते ते गृहस्थ.

"क... कोणता चष्मा?" मागून आत्यानं विचारलं. तेही माइकमध्ये गेलं.

"तुमच्याकडे टाकला होता. तीन हिवाळे झाले. न्यायला आलो, तर तुम्ही म्हणालात, बसा." गृहस्थ जरा अडखळले. "मध्ये विचारणार होतो. पण तुमच्याकडे कुणी थांबतच नाही बोलायचं. आत्ता जरा शांत वाटलं."

हॉल फुटला! पोरं मांड्यांवर हात आपटून हसली, परीक्षक हसले, खेळाचे सर पडद्याआड गेले ते पडदा हलवतच राहिले. आणि गंमत म्हणजे, टाचणीही हसत होती. पहिल्यांदाच ती या स्टेजवर उभी राहून हसत होती आणि आकाश काही कोसळलं नव्हतं.

"आदरणीय परीक्षक," ती हसता हसताच म्हणाली, "आदरणीय पोरांनो, मागचे जे ओरडले ते पण आले त्यात, आणि आदरणीय गृहस्थ! मी एक भाषण पाठ केलं होतं. त्यात असं होतं, की स्वावलंबन म्हणजे कुणाच्याही आधाराशिवाय चालणे. ते जाऊ दे. आज मी चौघांच्या आधारानं चालत आले आणि तरीसुद्धा तीनदा पडले. मला विचाराल, तर स्वावलंबन म्हणजे आपला चष्मा आपण मागणं. लाज वाटली तरी मागणं. उशीर झाला तरी मागणं. हे गृहस्थ तीन वर्षं न बघता विणत होते, आणि तरी माझ्या आत्याचं शेपूट फक्त यांनाच सापडलं!"

"अगं, ते कशाला सांगतेस!" आत्या कुजबुजली.

याच वेळी पोलीस बाई लोकर गुंडाळत गुंडाळत दारातून आत आल्या. त्यांच्या हातातला गुंडा भोपळ्याएवढा झाला होता. ढिली लोकर गुंडाळून संपली, धागा ताणला गेला आणि स्टेजवर शेवटच्या फेऱ्या सुटायला लागल्या. टाचणी बोलत होती. दुकानाबद्दल, गेलेल्या हीटरबद्दल, गळ्याच्या मापांबद्दल. मध्येच ड्रायव्हरकाका सुटले. त्यांनी रिव्हर्स घेतल्यासारखं मागे बघितलं आणि पायऱ्या उतरले. मग डॉक्टर. मग आत्या, जाता जाता टाचणीच्या पाठीवर एक हलकी चापट देऊन. शेवटी फक्त दोघं उरले, मध्ये एकच धागा. तो सुर्रकन निसटला. गृहस्थांनी मान लववली आणि चाचपडत निघाले, डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून खाली घेतलं.

जिथं त्यांचा खांदा होता, तिथं टाचणीला एकदम गार वारा लागला.

ती थांबली. स्टेजवर आता ती एकटीच होती, गळ्यात फक्त तो हिरवा पट्टा. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं, आणि आता मिळालं तर तिनं तो पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पहिल्या रांगेत चार गळे ओळीनं बसले होते, निळा, करडा, जांभळा, गुलाबी. कुणी ओठ हलवून काही सुचवत नव्हतं. सुचवणार काय, त्यांना भाषण कुठं येत होतं! मग तिनं एकटीनंच भाषण पुरं केलं, शेवटच्या "धन्यवाद"पर्यंत, आणि तो धन्यवाद तिनं इतक्या मोठ्यानं म्हटला की माइकनं कुईं केलं.

निकालाच्या वेळी मधले परीक्षक घसा साफ करून म्हणाले, की ही वैयक्तिक स्पर्धा असल्यामुळे, स्पर्धक जेवढा वेळ एकटी होती, तेवढ्याच भागाचे गुण दिले आहेत. त्या भागात तिला पैकीच्या पैकी. एकूणात खालून दुसरा नंबर. टाचणी ते ऐकून अशी नाचली, की ज्या मुलाचा वरून पहिला आला होता, त्याला आपलंच काही चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे एकमेकांना "माझा चष्मा झाला का?" विचारत हिंडत होते, पण आदरणीय म्हणून कुणी हाक मारली नाही. एकानं मारली म्हणा. ती म्हणाली, "बोला, आदरणीय पोरांनो," आणि तो ओशाळला.

पुढच्या रविवारी मागच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, कारण पोलीस बाईंना गुंडाळता गुंडाळता गोडी लागली होती. आत्यानं कपाटातला खण उपसून एक धुळकट डबी काढली, चष्मा आपल्या पदरानं पुसला आणि गृहस्थांच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. आधी तक्त्याकडे बघितलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश. मग खाली, आपल्याच गळ्याकडे.

"हा गुलाबी आहे?" ते म्हणाले.

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

"करडा."

"आता विचारूनच टाकते," आत्या म्हणाली. "तुमचं नाव काय हो?"

गृहस्थांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ड्रायव्हरकाकांना आठवलं, की यावेळी डोक्याची मापं कुणी घेतली का, आणि डॉक्टर म्हणाले, कानांसकट घ्या, आणि पोलीस बाई म्हणाल्या, बाह्यांशिवाय मी बसणार नाही, आणि आत्या म्हणाली, अध्यक्ष कोण आहे इथं?

"थांबा!" टाचणी म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली, पण स्टेजवरच्या आवाजात. सगळे थांबले. सुयासुद्धा थांबल्या. "त्यांना बोलू दे."

पाच जण त्यांच्याकडे बघू लागले. गृहस्थांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला, उभे राहिले.

"आदरणीय," ते म्हणाले.

आणि थांबले.

टाचणी हसली नाही. तिनं मांडीवर नवा गुंडा घेतला आणि वाट बघत बसली. बाहेर बर्फ पडत होता, नवा हीटर अजून आला नव्हता आणि अख्खा स्वेटर परत विणायचा होता. कुणालाच कसली घाई नव्हती.